हिमानीच्या शाळेत मला खुर्ची दिली

नाय पण मला एक सांगा, धडधाकट माणसाला खुर्ची द्यायची कशाला? आणि दिली ती दिली, वर फडक्याने पुसून दिली! आणि पुसली ती पुसली, वर पाणी! काचेच्या ग्लासात, खाली बशी ठेवून!... हसा, हसा. तुमी किनाऱ्यावरचे नाय ना, म्हणून हसता. तुमाला सांगतो, आमच्या गावात कोणाला बोलावून, बसवून, पाणी पाजून हळू आवाजात बोलायला लागले ना, की समजायचं, बोट गेली. वादळात कोणाची बोट परत आली नाय की चार जाणती माणसं त्या घरी जाऊन अस्संच करतात. आधी 'बसा'. मग पाणी. मग जो गेला त्याचं कौतुक... 'काय कष्टाळू पोर, कधी कोणाला उलट बोलला नाय'... आणि त्या कौतुकातच घरातली बाई काय समजायचं ते समजते आणि टाहो फोडते. बाकी रोजच्या दिवशी आमच्यात कोण कोणाला पाणी विचारतो हो? आमी ओरडतो. ओरडलो म्हणजे सगळं ठीक हाय. माझी बायको येसूबाई पहाटे डोळे उघडल्यापासून माझ्यावर ओरडते, म्हणून तर मी दुपारी निर्धास्त झोपतो!

तर ही भाग्यश्री मॅडम. माझी नात हिमानी चौथीला हाय, तिची वर्गबाई. माकुणसारहून स्कूटीवर येते, बाई चांगली, पोरांना मारत नाय, शिव्या देत नाय, तरी पोरं तिचं ऐकतात, कसं काय ते देवाला माहीत. तिने सुनेच्या मोबाईलवर निरोप धाडला, 'हिमानीच्या प्रगतीबाबत चर्चा करण्यासाठी पालकांनी सवडीने भेटावे ही नम्र विनंती.' नम्र! सवडीने! अहो, 'या' म्हणायचं ना! सरळ बोला की हो!

आता पालक म्हणजे कोण? बाप, माझा विनोद, बोट घेऊन खोल समुद्रात. आई, म्हणजे माझी सून जमना, उजाडायच्या आत टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात. ती शाळेत गेली तर पापलेट काय तिची वाट बघत ताजं बसणार? मग राहिलो मी, एकनाथ तांडेल. दुसरीतून उठलो तो थेट बोटीवर चढलो, सही येते, दुकानाच्या पाट्यांवरची मोठी अक्षरं जुळवून लागतात, पेपरातलं काय लागत नाय. चला, पालक म्हणून एवढं बस झालं. जमनाने निघताना तंबी दिली, "बाबा, शाळेत जाऊन भांडायचं नाय हां! मॅडम काय सांगते ते ऐकायचं आणि मला येऊन सांगायचं." मी कशाला भांडू? मला भांडता येतं कुठे? मी फक्त मोठ्याने बोलतो.

गेलो. आत भाग्यश्री मॅडम, आणि बाजूला एक नवीन सर, सुजीत सर. हे म्हणे विशेष शिक्षक. यांची स्वतःची अशी शाळा नाय, गाडीवरून या शाळेतून त्या शाळेत फिरतात, आमच्याकडे बर्फाचा टेम्पो बंदराबंदराला फिरतो तसे. आणि मग ती खुर्ची. आणि ते पाणी. आणि मॅडमचा तो आवाज... कापसात गुंडाळलेला... "आजोबा, या ना... बसा ना... येताना त्रास नाही ना झाला?"

त्रास! माझ्या ओट्यावर बसलं की शाळेची घंटा दिसते! घंटा वाजवणाऱ्याची दाढी दिसते!

"आजोबा, हिमानी ना, खूप गोड मुलगी आहे. सगळ्यांना मदत करते. आणि चित्रं तर इतकी सुंदर काढते..."

कौतुक चालू झालं! सर पण मान खाली घालून बसलेले, अगदी मयताला बसतात तसे. विनोद समुद्रात. आदल्या दिवशी वारा सुटलेला. मी ग्लास खाली ठेवला, म्हटलं, "मॅडम, कोण?"

"कोण म्हणजे आजोबा?"

"कोण गेलं? विनोदची बोट का?"

"अहो नाही नाही, आपण हिमानीबद्दल बोलतोय ना..."

"हिमानी गेली?!"

आणि मी जो टाहो फोडला म्हणता! सगळे वर्ग बाहेर आले, खिचडी शिजवणारी बाई पळी घेऊन धावली, आणि त्या सगळ्यांच्या पुढे कोण? हिमानी! हातात खडू, नाकाला खडू. "आजोबा, रडता कशाला?" जिवंत! मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. लगेच सुजीत सर उठले, "आजोबा, मुलांना मारणं कायद्याने गुन्हा आहे." अहो, पोर मेलेली परत आली माझी, जरा थांबा की तुमचा कायदा घेऊन!

मॅडमने पोरांना वर्गात धाडलं, घाम पुसला. म्हणाली, "आजोबा, चुकलं आमचं. आम्हाला पालघरला प्रशिक्षण झालंय, पालकांशी कसं बोलायचं त्याचं. आधी मुलाची चांगली गोष्ट सांगायची, मग काळजीची, मग परत एक चांगली." म्हणजे टोपलीत वर ताजा मासा, मधे शिळा, खाली परत ताजा! हे आमच्या बायका आज्या-पणज्यांपासून करतात, त्यांना कोणी पालघरला बोलावून चहा-बिस्कीट दिलं नाय! मी म्हटलं, "मॅडम, मी माशातला माणूस हाय. तो मधला काढा बाहेर. सरळ बोला की हो!"

"हो, सरळच सांगते. हिमानीची शिकण्याची शैली जरा वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे? डोक्यावर उभी राहून शिकते?"

"नाही, म्हणजे अक्षरांच्या बाबतीत तिच्यासमोर काही आव्हानं आहेत. तिला अधिकच्या आधाराची गरज भासू शकते."

भासू शकते! तुमाला सांगतो, मी खोट्या नोटा बघितल्या, खोटे पुढारी बघितले, पण इतकं गुळगुळीत वाक्य बघितलं नाय, हातात धरावं तर वाम माशासारखं सटकतं! मी म्हटलं, "कसली आव्हानं? माझी हिमानी मला रोज पेपर वाचून दाखवते!"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "पेपर?"

"मग! जमना मासे बांधायला रद्दी आणते ना, त्यातला. रोज संध्याकाळी मी ओट्यावर, हिमानी माझ्या पुढ्यात. घडाघडा वाचते! केळव्याच्या किनाऱ्यावर देवमासा येऊन झोपला आणि सकाळी उठून आपला आपण गेला, ही बातमी गावात पहिली कोणाला कळली? मला! सालवडच्या एका बोकडाला बोईसरच्या कंपनीत पगार चालू झाला, ती कोणी वाचली? हिमानीने!"

मॅडमने सरांकडे बघितलं. सरांनी छताकडे. आणि मॅडमने काय म्हणावं? "हिमानीची कल्पनाशक्ती खूपच छान आहे, आजोबा." परत कौतुक! अरे, सरळ बोला की हो!

मग सुजीत सरांनी तोंड उघडलं. तो माणूस बोलतो म्हणजे भिंतीवरची सूचना वाचल्यासारखा. "आजोबा, दोन हजार सोळाचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे..."

कायदा! संपलं. पुढचं मी ऐकलंच नाय. तुमी शहरातली माणसं, तुमाला कायदा म्हणजे काय गंमत वाटते. आमच्या किनाऱ्यावर कायदा आला ना, की काहीतरी बंद होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद, कायदा. बारीक जाळं बंद, कायदा. किनाऱ्यावर खोली बांधायची बंद, कायदा. आजवर एक तरी साहेब येऊन बोलला का, की एकनाथ, हा बघ कायदा, आता तुझं अमुक चालू? मग आता कायदा शाळेत आला म्हणजे काय बंद होणार? हिमानी बंद होणार!

"आणि दिव्यांग कोण हो?" मी म्हटलं. "तिचे हातपाय बघितलेत? माडावर चढते ती!"

"दिसत नाही अशीही अक्षमता असते, आजोबा. त्यासाठीच तिची पालघरला तपासणी करावी लागेल. तुमची संमती हवी. इथे सही करा."

कायदा, पालघर आणि सही! तिन्ही एका दमात! मला सगळं लख्ख दिसलं. पोरीला उचलणार, पालघरच्या पलीकडे कुठल्यातरी लांबच्या शाळेत नेऊन टाकणार, तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं, समुद्र नाय, आई नाय, आणि बुधवारी माशाऐवजी दुधी भोपळा! आणि वर मॅडम पुढे वाकून, आणखी आवाज उतरवून काय म्हणते? "काळजी करू नका आजोबा, हे सगळं अगदी गोपनीय राहील. कोणालाही कळणार नाही." ऐकलंत? कोणाला कळणार नाय! चांगलं काम करणारा माणूस असं बोलतो कधी?

मी उठलो. "सही करणार नाय. पोर कुठे जाणार नाय."

"अहो आजोबा, उलट तिला इथेच राहता यावं म्हणून तर..."

"उलट नाय आणि सुलट नाय!" चौथीच्या वर्गात गेलो, हिमानीचं दप्तर उचललं, हिमानीला उचललं, घरी. पाणी पण अर्धंच प्यायलो.

संध्याकाळी जमना आली. "काय बोलली मॅडम?"

"कौतुक केलं."

"कौतुक करायला बोलावलं?"

"आणि मग कायदा."

"कसला कायदा?"

"तो मी ऐकला नाय."

"मग शाळेत जाऊन केलंत काय तुमी बाबा?"

"वाचवलं पोरीला!"

जमनाने टोपली अशी आपटली की आतला बर्फ माझ्या धोतरात. "पोरगी शाळेतून काढून आणली आणि म्हणे वाचवलं! मी मर मर मरते ती कशासाठी? तिने पण माझ्यासारखी टोपली घ्यावी म्हणून?" आणि रडायला लागली. ओरडत होती तोवर मला काय नव्हतं वाटलं. रडली, तेव्हा जरा... जाऊ द्या.

हिमानी कोपऱ्यात. मी म्हटलं, "ये गं, पेपर वाच." तिने कागद घेतला. उलटा केला, सुलटा केला. कितीतरी वेळ बघत राहिली आणि घडी घालून मला परत दिला. "आज बातमी नाय आली, आजोबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटी लागल्या. विनोदची पण आली. किनाऱ्यावर लिलाव चालू, आणि आमचा लिलाव म्हणजे काय हाय तुमाला माहीत नाय, दहा बायका दहा भाव ओरडतात, मधे कुत्री, वर कावळे, आणि विनोदच्या बोटीचं इंजिन तर असं धडधडतं की बाजूच्याने कानात शिंकलं तरी कळत नाय. त्यात कोण आली? भाग्यश्री मॅडम! स्कूटी वाळूत रुतली ती तशीच टाकून, चपला हातात, ओढणी कमरेला, माझ्यापुढे येऊन उभी. आणि तोंड हलवते नुसतं.

"काय?" मी.

"हिमानीच्या... शैली..."

"मोठ्याने!"

"आव्हानं... संवेदनशील... आधार..."

"अहो सरळ बोला की हो!"

तिने चपला वाळूत फेकल्या, कमरेवर हात ठेवले, आणि तुमाला सांगतो, त्या एवढ्याशा बाईच्या पोटातून असा आवाज आला की मला वाटलं भोंगा वाजला. ते प्रशिक्षण, तो कापूस, तो बशीवरचा ग्लास, सगळं एका दमात समुद्रात!

"अहो आजोबा! हिमानीला वाचता येत नाही! एक ओळसुद्धा वाचता येत नाही!"

आणि नेमकं तेव्हाच विनोदने इंजिन बंद केलं.

सगळा किनारा चूप. भाव ओरडणाऱ्या बायकांतली साखरबाई, तिच्या तोंडात बोली होती ती तोंडातच राहिली. कुत्रं भुंकत होतं ते थांबलं. मॅडमने तोंडावर हात मारला, "अरे देवा... गोपनीय होतं..."

साखरबाई सगळ्यांत आधी सावरली. "मॅडम, ते गोपनीय राहू द्या, पुढचं बोला! डोकं नाय का पोरीला?"

"डोकं आहे! इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे!" मॅडमची गाडी आता उतारावर, थांबते कशाला! "तोंडी विचारा, गणित सांगते, पाढे सांगते, गोष्ट सांगते! अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागेवर राहत नाहीत. ती आळशी नाही, मंद नाही, नाटकं करत नाही! तपासणी झाली की दाखला मिळेल, दाखला मिळाला की परीक्षेला जादा वेळ, तोंडी परीक्षा, लिहून द्यायला माणूस! अठरा वर्षांची होईपर्यंत फुकट शिक्षण, याच गावात, याच शाळेत, बाकीच्या मुलांबरोबरच! तिला काढायचं कोणाच्या बापाच्याने होणार नाही, हेच लिहिलंय त्या कायद्यात! आम्ही ठेवायला बघतोय तिला! काढली कोणी? तुम्ही काढली, आजोबा!"

घ्या. सरळ बोला, सरळ बोला म्हणत होतो ना? बोलली. छातीवर नांगर पडावा तसं झालं मला. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज बारीक निघाला. म्हटलं, "मॅडम... मग तो देवमासा?"

"कुठला देवमासा? कुठलाही देवमासा आला नाही, आजोबा!" ती अजून ओरडतच होती, एकदा चढलेला आवाज उतरतो कुठे लगेच.

"आणि बोकडाचा पगार?"

विनोद कंबरभर पाण्यातून म्हणाला, "बाबा, बोकडाला पगार कोण देईल?"

"बोईसर हाय, काय सांगता येतं!"

"तांडेल," साखरबाई म्हणाली, "तुमच्या त्या देवमाशापायी आमी सगळ्या जणी रिक्षा करून केळव्याला गेलो होतो! वर तुमी म्हणालात, उशीर केलात, उठून गेला असेल!" आणि जो किनारा हसला! बायका हसल्या, खलाशी हसले, मॅडम हसली, हसता हसता डोळे पुसायला लागली. मग साखरबाईच म्हणाली, "आमाला तरी कोणाला वाचता येतं? पण आमच्या वेळी मॅडम अशी वाळूत ओरडायला आली नव्हती. करा सही, तांडेल!"

केली. बर्फाच्या खोक्यावर कागद ठेवून केली. कागदाला बांगड्याचा वास लागला, दोन खवले चिकटले, मॅडम म्हणाली चालेल. जमना बाजारातून आल्यावर तिला सांगितलं, तर ती परत माझ्यावर ओरडली, मला इतकं बरं वाटलं!

मग पालघर. सुजीत सर स्वतः आले बरोबर. तपासणाऱ्या डॉक्टरीण बाईने हिमानीला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, वाचायला दिलं, लांबलचक काम. मग मला विचारते, "घरात आणखी कोणाला वाचायचा त्रास होता का, आजोबा?" मी म्हटलं, "नाय बाई. मी त्रास व्हायच्या आधीच उठलो." तिने काहीतरी लिहून घेतलं, का ते मी विचारलं नाय. आणि मॅडम बोलली तसंच निघालं. दाखला मिळाला. हिमानी त्याच वर्गात, त्याच बाकावर. सुजीत सर येतात, वाळूत बोटाने अक्षरं काढायला लावतात, पाठीवर अक्षर गिरवून ओळखायला लावतात. परीक्षा तोंडी झाली, पोरगी गणितात वर्गात पहिली आली! पाचवीत गेली! मी सगळ्या गावाला पेढे वाटले... नाय, ही बातमी खरी हाय, ही मला मॅडमने सांगितली.

पण तुमाला सांगतो, पोरीला एकदा का कळलं की कायदा तिच्या बाजूने हाय, मग घरात राहायची सोय राहिली नाय. "हिमानी, कप उचल गं." "थांबा आजोबा, मला जादा वेळ हाय." "हिमानी, शुद्धलेखन लिही." "मी सांगते, लिहून द्यायला मला माणूस मिळतो." आणि तो माणूस कोण? बाप समुद्रात, आई बाजारात, आजी म्हणते मला चूल हाय. सुजीत सर म्हणाले, अहो आजोबा, लेखनिक परीक्षेला असतो, घरच्या अभ्यासाला नाय. हिमानी म्हणाली, सराव नको का?

तर आता रोज संध्याकाळी ती पाय हलवत ओट्यावर बसते आणि मी खाली वही घेऊन. ती घडाघडा सांगते आणि मी काढतोय एकेक अक्षर, जीभ बाहेर, चष्मा नाकावर. परवा म्हटलं, "अगं हळू! मला जरा वेळ दे की!"

तर कार्टी काय म्हणते? "जादा वेळ मला मिळतो आजोबा, तुमाला नाय. कायदा अठरापर्यंतच हाय."

सही माझीच हाय. लिहितो आपला.